डबी थडग्यांपासून दूर ठेवा : मंडळाच्या सहल समितीला खुलं पत्र

सहल समितीतल्या मित्रमैत्रिणींनो, आणि त्या शनिवारी मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांनो,

जूनमधल्या सहलीचं पत्रक मिळालं. गाव फार छान निवडलंत. चर्च जुनं आहे, शेजारून ओढा जातो, आणि चर्चच्या मागून शेतांमधून जाणारी पायवाट लहान मुलांना झेपेल अशी आहे. कार्यक्रमही वाचला. चर्चच्या आवारात बारा डब्या लपवायच्या, मुलांचे सहा गट करायचे, प्रत्येक गटाला एक फोन द्यायचा, आणि जो गट सगळ्या डब्या आधी शोधेल त्याला बक्षीस. खाली एक ओळ आहे : 'डब्या थडग्यांच्या आसपास असतील, मुलांना मजा येईल.'

हे पत्र त्या एका ओळीसाठी लिहिते आहे. ते खुलं ठेवलं, कारण इंग्लंडमधली इतरही मराठी मंडळं आणि मित्रांचे गट उन्हाळ्यात असे खेळ आखतात. जे मला तुम्हाला सांगायचंय तेच त्यांनाही सांगायचंय.

मी जिओकॅशिंग, म्हणजे कुणीतरी लपवलेल्या डब्या जीपीएसच्या मदतीनं शोधण्याचा खेळ, नऊ वर्षं करते आहे. या देशात आल्यावर पहिल्या हिवाळ्यात घरात कोंडून बसलेल्या मला या खेळानं बाहेर काढलं. इथली पायवाट कशी ओळखायची, शेतातून जाताना फाटक कसं लावून घ्यायचं, ओएसचा, म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा, नकाशा कसा वाचायचा, हे सगळं मी डब्या शोधता शोधता शिकले. त्यामुळे मुलांना हा खेळ दाखवताय याचा मला मनापासून आनंद आहे. चर्चच्या आवारात मुलांना नेऊ नका, असंही मी म्हणत नाही. जरूर न्या. फक्त डबी तिथे ठेवू नका.

कारण सांगायचं तर पाच वर्षांपूर्वीची गोष्ट सांगावी लागेल. एक माणूस सोडला तर मी ती आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेली नाही.

माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. एका गावच्या चर्चपाशी डबी आहे असं ॲपवर दिसलं म्हणून रविवारी दुपारी आम्ही गेलो. फोनवरचा बाण आम्हाला एका प्रचंड यू वृक्षाखाली, म्हणजे इथल्या चर्चच्या आवारांत दिसणाऱ्या सदाहरित झाडाखाली, घेऊन गेला आणि तिथे घुटमळायला लागला. कधी चार मीटर दाखवायचा, कधी नऊ, कधी उलटीच दिशा. मी फोन हातात धरून गोल फिरत होते आणि मुलगा आपल्या परीनं शोधत होता. एका दगडापाशी फुलांच्या तीन कुंड्या होत्या. त्यानं पहिली उचलून खाली बघितलं, बाजूला ठेवली. दुसरी उचलली. मी पाठमोरी होते. वळले तेव्हा पाण्याची झारी घेतलेले एक वृद्ध गृहस्थ त्याच्यामागे उभे होते.

ते रागावले नाहीत. त्यांनी मुलाला विचारलं, "काही हरवलंय का बाळा?" तो म्हणाला, "नाही, आम्ही खजिना शोधतोय." ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग खाली वाकून त्यांनी कुंड्या एकेक करून परत ठेवल्या, आणि प्रत्येक कुंडी जराशी फिरवली, ज्या बाजूला फुलं जास्त होती ती बाजू दगडाकडे येईल अशी. तेव्हा माझं लक्ष दगडावरच्या तारखेकडे गेलं. चार महिन्यांपूर्वीची होती.

मी माफी मागितली. ते 'असू दे' म्हणाले आणि झाडांना पाणी घालायला लागले. डबी नंतर सापडली. ती कुठल्याही थडग्यापाशी नव्हतीच, आवाराच्या कडेला कुंपणाच्या खांबामागे होती, त्या कुंड्यांपासून सहा पावलांवर. डबी ठेवणाऱ्यानं आपल्याकडून काळजी घेतली होती. तरीही माझ्या मुलाचा हात त्या कुंड्यांवर गेला. मी रात्री डबीच्या मालकाला सगळं लिहिलं. त्या भल्या माणसानं आठवड्याभरात डबी रस्त्यापलीकडे हलवली.

असं का झालं, हे समजून घ्यायला या खेळाचं मूळ बघावं लागतं. १ मे २००० रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी जाहीर केलं की जीपीएसच्या नागरी संकेतांमध्ये मुद्दाम घातली जाणारी चूक बंद होईल. त्या रात्री ती बंद झाली. तोवर सामान्य माणसाच्या यंत्राला शंभरेक मीटरचा फरक पडायचा, तो एकदम दहा-वीस मीटरच्या आत आला. दोनच दिवसांत, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर यांनी ओरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ रानात एक काळी बादली अर्धवट पुरली, आत काही वस्तू आणि एक वही ठेवली, आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. लोकांनी ती शोधली. तिथून हा खेळ जगभर गेला. त्या पहिल्या बादलीपाशी कुणाचा अंदाज पाच मीटरनं चुकला असता तर त्यानं चारदोन झुडपं बाजूला केली असती, इतकंच. हा खेळ रानात जन्मला, आणि रानात चुकण्याला जागा असते.

आजचा चांगला फोन मोकळ्या आभाळाखाली साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो. उपग्रह असतात २०,००० किलोमीटरहून अधिक उंचीवर, आणि त्यांचा संकेत इतका क्षीण असतो की दाट झाडी तो अडवते आणि दगडी भिंतीवर आपटून तो उशिरा पोचतो. चर्चच्या आवारात या दोन्ही गोष्टी सहसा असतात : यूची गर्द सावली आणि दगडी मनोरा. तरी आपण उदार होऊन पाच मीटरच धरू. पाच मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ होतं ७८ चौरस मीटर. एका थडग्याला आजूबाजूच्या जागेसकट तीन चौरस मीटर लागतात असं मानलं, तर तुमच्या एका डबीच्या वर्तुळात पंचवीसेक थडगी येतात. अशा बारा डब्या आणि धावणारी तीस मुलं. डबी तुम्ही कितीही विचारपूर्वक ठेवा, मुलं वर्तुळ शोधणार आहेत.

आणखी एक गोष्ट बहुधा तुमच्या लक्षात आली नसेल. जिओकॅशिंगच्या अधिकृत नकाशावर डबी टाकायची तर ती आधी एक स्वयंसेवक तपासतो. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर लागतं, आणि जागेच्या मालकाची परवानगी आहे का, हे विचारलं जातं. बारा डब्या एका आवारात ठेवण्याची तुमची आखणी या नियमात बसूच शकत नाही. तुमचा खेळ खासगी आहे, एका दिवसाचा आहे, म्हणून तो कुणी तपासणार नाही. जे काम त्या स्वयंसेवकानं केलं असतं ते आता आपल्यालाच करायला हवं.

मग परवानगी कुणाची? यात आपल्या लोकांचा नेहमी घोळ होतो. फाटक उघडं असतं, कुणी अडवत नाही, बाकावर माणसं डबे खात बसलेली असतात, म्हणून आपल्याला ती सार्वजनिक बाग वाटते. चर्च ऑफ इंग्लंडच्या गावातल्या चर्चची जमीन सहसा तिथल्या व्हिकर किंवा रेक्टरच्या, म्हणजे धर्मगुरूच्या, नावे असते, आणि आवाराची निगा पॅरोकियल चर्च कौन्सिल, म्हणजे त्या चर्चची स्थानिक समिती, राखते. दफनासाठी बंद झालेल्या आवाराची निगा १९७२ च्या स्थानिक शासन कायद्यानुसार गावच्या किंवा जिल्ह्याच्या कौन्सिलकडे गेलेली असू शकते. आणि थडग्यावरचा दगड यांपैकी कुणाचाच नसतो. तो ज्या कुटुंबानं उभारला त्याचा आणि त्याच्या वारसांचा असतो. म्हणजे व्हिकरनं 'खुशाल खेळा' म्हटलं, तरी दगडाला टेकवून डबी ठेवायची परवानगी त्यात येत नाही. ती ज्यांच्याकडे मागावी ती माणसं तुम्हाला भेटणारही नाहीत.

आता ज्या कारणासाठी तिथे जायला हवं असं मला वाटतं, त्याकडे येते.

ब्रिटनमध्ये 'चर्च मायक्रो' नावाची डब्यांची एक मोठी मालिका आहे. देशभरातल्या हजारो चर्चांजवळ या डब्या आहेत. त्यातल्या चांगल्या डब्यांची रीत अशी : ॲप तुम्हाला चर्चच्या फाटकापाशी आणतं. आत जाऊन तुम्ही काही गोष्टी बघायच्या आणि अंक गोळा करायचे. घड्याळ कोणत्या साली बसवलं? दरवाज्यापाशी किती पायऱ्या आहेत? बाकावरच्या पाटीवरचं शेवटचं साल कोणतं? त्या अंकांवरून नवे अक्षांश-रेखांश बनतात, आणि डबी त्या जागी, आवाराबाहेर दूर कुठेतरी असते. आत फक्त बघायचं आणि वाचायचं. हात लावायचं काम बाहेर. माझ्या मते या खेळातली ही सगळ्यात सुंदर युक्ती आहे.

कारण ती वाचायला लावते. गेल्या वर्षी आम्ही तिघी मैत्रिणी मुलांना घेऊन अशाच एका गावी गेलो होतो. कोड्यात विचारलं होतं, 'युद्धस्मारकावर पहिल्या महायुद्धातली किती नावं आहेत?' मुलांनी बोटांनी मोजली, एकवीस. मग माझ्या मैत्रिणीची मुलगी म्हणाली, "एकच आडनाव तीनदा आलंय." तिघेही एकाच घरचे असावेत का, यावर मुलं बोलायला लागली. शंभर उंबऱ्यांचं गाव असेल. त्यातले एकवीस. ते गाव तेव्हा कसं दिसत असेल, शेतात कोण राबत असेल, असं एकानं विचारलं, आणि आम्हा तिघींपैकी कुणाला काही सांगता येईना. गावाकडे देवळाबाहेर वीरगळ रांगेनं उभे असतात, शेंदूर फासलेले, झिजलेले, आणि आपण त्यांच्या बाजूनं निघून जातो. मी माझ्या गावच्या वीरगळांवर किती माणसं कोरली आहेत हे कधी मोजलं नव्हतं. इंग्लंडमधल्या एका कोड्यानं मला ते आठवायला लावलं.

आवारात कुठे तरी एकसारख्या घडणीचा पांढरा दगड दिसला तर मुलांना तिथे थांबवा. तो कॉमनवेल्थ युद्ध कबर आयोगाचा आहे. २१ मे १९१७ रोजी स्थापन झालेली ही संस्था एकट्या युनायटेड किंगडममध्ये १२,००० हून अधिक ठिकाणच्या कबरी सांभाळते, आणि त्यातली कितीतरी ठिकाणं म्हणजे अशीच गावची आवारं आहेत. पुण्याजवळ खडकीला जी युद्ध स्मशानभूमी आहे ती सांभाळणारी हीच संस्था. जनरल असो की साधा शिपाई, दगड सारखाच, हा नियम त्यांनी सुरुवातीलाच ठरवला. दगडाच्या तळाशी घरच्यांना स्वतःचे शब्द कोरून घेता यायचे. पण मर्यादा होती, मधल्या जागा धरून ६६ अक्षरांची. गेलेल्या मुलाविषयी आईनं ६६ अक्षरांत काय लिहावं? हा प्रश्न दहा-बारा वर्षांच्या मुलांना विचारा. ती गप्प होतात, मग खूप बोलतात.

मुलांना गंमत वाटेल अशाही पुष्कळ जागा आहेत, आणि त्यांना थडग्यांशी काही देणंघेणं नाही. कितीतरी चर्चांच्या भिंतीवर किंवा मनोऱ्यावर, गुडघ्याच्या आसपासच्या उंचीवर, एक आडवी रेघ आणि तिच्याकडे टोक केलेला तीन रेघांचा बाण कोरलेला सापडतो. ही ऑर्डनन्स सर्व्हेची खूण. त्या रेघेची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजून नोंदवलेली असते, आणि समुद्रसपाटी म्हणजे तरी कुठली, तर कॉर्नवॉलमधल्या न्यूलिन बंदरात १९१५ ते १९२१ अशी सहा वर्षं मोजून काढलेली सरासरी पातळी. उपग्रह नव्हते तेव्हा माणसं दुर्बीण आणि पट्टी घेऊन गावोगाव चालत हे करत गेली, आणि खूण कोरायला त्यांनी चर्च निवडलं, कारण ते हलणार नाही याची खात्री होती. हातात जीपीएस असलेल्या मुलाला ही खूण शोधायला लावा. माझ्या मते बारा डब्यांपेक्षा ही एक खूण भारी आहे.

दक्षिणेकडच्या भिंतीवर, दरवाज्याजवळ, मधे भोक आणि त्यातून निघालेल्या रेघा असं वर्तुळ दिसलं तर ते मास डायल असतं. घड्याळं येण्याआधी त्या भोकात काडी बसवून सावलीवरून प्रार्थनेची वेळ ठरवत. आणि दिशा ओळखायला फोनची गरजच नाही. चर्चची वेदी सहसा पूर्वेच्या टोकाला असते, आणि जुन्या रीतीप्रमाणे माणसाला पाय पूर्वेकडे करून पुरत, पुनरुत्थानाच्या दिवशी उठताना तोंड पूर्वेकडे यावं म्हणून. मुलांना आत गेल्याबरोबर विचारा, उत्तर दिशा कुठे? बघू कोण आधी ओळखतं.

फाटकावर छप्पर असेल तर त्याला लिचगेट म्हणतात. जुन्या इंग्रजीत 'लिच' म्हणजे मृतदेह. शवपेटी घेऊन आलेली माणसं इथे थांबायची, व्हिकर बाहेर येईपर्यंत. आपल्याकडे अंत्ययात्रा वाटेत विसाव्याला टेकते, तशीच ही जागा. मला हे कळलं त्या दिवसापासून लिचगेटखालून जाताना माझा आवाज आपोआप खाली येतो. तुमच्या पत्रकात 'लाकडी छपराच्या फाटकात सगळ्यांनी जमून घोषणा द्यायच्या' असं आहे, ते कृपया बदला. घोषणा ओढ्यापाशी द्या.

दगडफुलाबद्दल मात्र मी जरा जास्त बोलणार आहे. थडग्यांच्या दगडांवर करडे, पिवळे, नारिंगी डाग दिसतात. मुलांना ते घाण वाटतात, आणि अक्षरं वाचता यावीत म्हणून काही मोठी माणसंसुद्धा ते नखानं किंवा काडीनं खरवडतात. ते दगडफूल आहे. गोडा मसाल्यात आपण घालतो ना, त्याच जीवसमूहातलं. बुरशी आणि शैवाल मिळून एकत्र जगतात, असा हा जीव. ब्रिटनमध्ये दगडफुलांच्या सुमारे २,००० जाती सापडतात, आणि त्यातल्या ७०० हून अधिक चर्चच्या आवारांत नोंदल्या गेल्या आहेत. सखल प्रदेशात डोंगरकडे नाहीत, उघडा खडक नाही. तिथे शेकडो वर्षं न हलवलेला दगड सापडतो तो चर्चमध्ये आणि थडग्यांवरच. कितीतरी जाती वर्षाला मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी वाढतात. तळहाताएवढा डाग म्हणजे कुणाच्या तरी पणजीच्या काळापासून तिथे बसलेला जीव. डबी शोधताना दगडाच्या मागे हात घालून चाचपडणारी सहा मुलं ते एका मिनिटात काढून टाकतील, कळणारही नाही.

झिजलेली अक्षरं वाचायची असतील तर टॉर्च दगडाच्या अगदी कडेला धरून आडवा प्रकाश टाका. अक्षरं उठून दिसतात. खडू घासू नका, शेव्हिंग फोम लावू नका, ओला फडका मारू नका. फोटो काढला की काम झालं.

यू वृक्षाच्या ढोलीत डबी ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. खोडाचा घेर सात मीटरच्या वर असेल तर ते झाड आठशे वर्षांपेक्षा जुनं असण्याचा पुरेपूर संभव आहे, म्हणजे त्याच्या शेजारच्या चर्चइतकं किंवा त्याच्याहून जुनं. त्याची ढोली ही वटवाघळांची, पक्ष्यांची जागा आहे. शिवाय यूची पानं आणि बी विषारी असतात. लाल गराचं फळ लहान मुलांना गोड वाटून तोंडात घालावंसं वाटतं, आणि बी त्याच्या आतच असतं. पालकांना हे आधी सांगा.

बाकीचं भराभर सांगते. जुने दगड कललेले असतात आणि त्यांचं वजन कित्येक मणांचं असतं. त्यांना रेलायचं नाही, त्यांच्यावर चढायचं नाही, हे मुलांना नुसतं सांगून चालणार नाही, प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस हवं. गवत उंच वाढलेलं दिसलं तर कुणी आळस केलेला नाही. रानफुलांचं बी पडेपर्यंत ते मुद्दाम कापत नाहीत, म्हणून कापलेल्या वाटेवरूनच चाला. डबी चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंतीतही ठेवू नका, ब्रिटनमधल्या जिओकॅशिंगच्या नियमांत त्याला मनाई आहे, कारण शोधणारे एकेक दगड उपसतात आणि भिंत ढासळते. बाहेर जी डबी ठेवाल तिच्यावर मोठ्या अक्षरांत ती काय आहे ते लिहा. जुलै २०११ मध्ये यॉर्कशरमधल्या वेदरबी गावात रस्त्यावरची एक डबी बघून लोकांना बॉम्ब वाटला, रस्ते बंद झाले आणि लष्कराच्या पथकानं ती उडवून दिली. आणि जायच्या आदल्या दिवशी चर्चवॉर्डनला, म्हणजे चर्चची व्यवस्था बघणाऱ्या स्वयंसेवकाला, फोन करून विचारा की उद्या अंत्यविधी किंवा लग्न आहे का. असेल तर आपण तास-दोन तास उशिरा जाऊ. आपल्याला घाई नाही.

कोड्यात थडग्यांवरचे अंक वापरायचे का? मी बराच विचार केला आहे. माझं मत असं की शंभर वर्षांपूर्वीची, ज्यांच्याकडे आता कुणी फुलं घेऊन येत नाही अशी मोठ्या माणसांची थडगी चालतील. उलट कुणीतरी येऊन त्यांचं नाव मोठ्यानं वाचलं तर मला ते चांगलंच वाटतं. पण नवं थडगं नको, आणि लहान मुलाचं तर कधीच नको. एका कोड्यात मी पाहिलं होतं : 'धाकट्या मुलीचं वय = क'. उत्तर होतं ३. मी तो आकडा वहीत लिहिला आणि मग वही मिटून ठेवली. पुढची डबी शोधायला गेले नाही. ते थडगं एकोणिसाव्या शतकातलं होतं, तरीही. कुणाचं तीन वर्षांचं आयुष्य आपल्या बेरजेत घालू नये.

आता आपल्याबद्दल थोडं, आणि हे मी स्वतःला धरूनच म्हणते आहे. आपण ज्या घरांत वाढलो तिथे स्मशानाकडे मुलांना कुणी फिरकू देत नसे. जाऊन आलेल्या माणसानं अंघोळ केल्याशिवाय घरात शिवायचं नाही. इथे आल्यावर आपण हिरवळ, फुलं, बाकं, पक्षी बघतो, आणि ही जागा आपल्या मनातल्या स्मशानाशी कुठेच जुळत नाही. त्यामुळे तिथे कसं वागायचं याची आपली कुठलीच सवय जागी होत नाही. भीती जाते, तिच्याबरोबर आदरही निघून जातो. तिथे पुरलेली माणसं आपली नाहीत, हेही खरंच. गावच्या समाधीमागे हात घालून डबी शोधायला आपण मुलांना सांगितलं असतं का? देवळात चप्पल काढायची हे मुलाला एकदा सांगावं लागतं, मग ते पायांना कळतं. तसं काहीतरी इथलंही मुलांच्या पायांना कळावं, असं मला वाटतं. त्यांना याच देशात वाढायचं आहे. पुढे कधीतरी आपल्यापैकी कुणाचं नाव इथल्या एखाद्या बाकाच्या पाटीवर असेल, आणि तिच्यापाशी कुणाची तरी मुलं थांबतील.

मला माहीत आहे, समितीतल्या काहींना वाटेल की डबी नसेल तर मुलं कंटाळतील. डबी असू द्या. एकच असू द्या, मोठी, बाहेर. मागची पायवाट ओढ्याला मिळते तिथे एक जुनं लाकडी पायरीचं कुंपण आहे, त्याच्या पलीकडे गवताळ मोकळी जागा आहे. शेतकऱ्याला विचारून तिथे डबी ठेवता येईल, आणि वर उघडं आभाळ असल्यानं फोन नीट चालेल. आवारात सहा गोष्टी बघायच्या, सहा अंक मिळवायचे, ते जुळवले की डबीची जागा कळेल. सहा गट सहा वेगवेगळ्या टोकांनी सुरुवात करतील, म्हणजे एका जागी गर्दी होणार नाही. शर्यत लागायचीच असेल तर ती चर्चचं मागचं फाटक ओलांडल्यावर सुरू होईल. शेतापर्यंत पळू देत त्यांना हवं तितकं.

हे मी नुसतं सुचवून थांबलेले नाही. गेल्या शनिवारी जाऊन आले. चर्चवॉर्डन बाईंना भेटले, आपला बेत सांगितला. आधी त्यांच्या कपाळावर आठी आली. डब्या आत नसतील म्हटल्यावर त्या स्वतः मला आवारभर घेऊन फिरल्या. सर्व्हेची खूण त्यांनीच दाखवली, मनोऱ्याच्या वायव्य कोपऱ्यात, एका रोपट्यामागे. मास डायलही आहे, फक्त अर्धं झिजलेलं. दुपारी दोननंतर चर्चचा दरवाजा उघडा ठेवीन असं त्या म्हणाल्या, कारण आत भिंतीवर एक संगमरवरी पाटी आहे आणि तिच्यावर हिंदुस्थानातल्या एका गावाचं नाव आहे. कुठलं ते मी इथे लिहीत नाही. सहावा अंक त्यातूनच मिळणार आहे.

कोड्याचा कच्चा आराखडा माझ्याकडे तयार आहे. येत्या शनिवारी सकाळी दहाला मी पुन्हा तिथे जाणार आहे, अंक तपासायला आणि पायऱ्या मोजायला. समितीतल्या कुणी दोघांनी आलात तर बरं होईल. लिचगेटपाशी भेटू. टॉर्च आणा.

तुमची,
मंडळातलीच एक आई